कालव्याचं पाणी: टेलच्या शेतातून एक अभिप्राय

पाणी उत्तम, भरवसा नाही. कालव्याच्या पाण्याबद्दल एका दमात सांगायचं तर एवढंच. पण या सेवेचे पैसे मी दर हंगामाला भरते आणि तिच्यावर घरचं वर्ष उभं असतं. तिच्याबद्दल छापून येतं ते धरण किती टक्के भरलं आणि किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडलं, याच्या पुढे जात नाही. सोडलेलं पाणी ज्याच्या बांधावर उतरायचं त्याला ते कधी मिळालं, किती मिळालं, हे घेणाऱ्यानेच लिहायला हवं. म्हणून लिहिते आहे.

आमचं शेत गोदावरी खोऱ्यात, एका लघुवितरिकेच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यातून फुटणाऱ्या लहान पाटाच्या, शेवटाला आहे. आमच्याकडे सगळे त्याला टेलच म्हणतात. मालक एसटीत ड्रायव्हर आहेत, त्यामुळे अर्ज भरण्यापासून दारे धरण्यापर्यंत (वाफ्यावाफ्यात पाणी वळवण्यापर्यंत) पाण्याचं सगळं मीच बघते. खरिपात सोयाबीन आणि मका, रब्बीत गहू, हरभरा, कांदा. एक विहीर आहे, ती संक्रांतीनंतर खाली जाते. ऊस नाही. टेलला ऊस लावायचा तर कालव्याकडे न बघता बोअर आणि शेततळ्याच्या जिवावर लावावा लागतो, आणि तेवढी ऐपत आमची नाही.

ज्यांच्या रानात पाट नाही त्यांच्यासाठी ही सेवा कशी चालते ते थोडक्यात सांगते. सिंचनाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहून रब्बी आणि उन्हाळ्याचा हिशेब मांडला जातो. पिण्याचं पाणी काढायचं, बाष्पीभवन काढायचं, उद्योगांचा वाटा काढायचा, आणि उरलेल्या पाण्यात शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या फेऱ्या, बसवायची. मग कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं किती ते जाहीर होतं, आणि शेतकऱ्यांकडून नमुना ७ वर पाणीमागणी अर्ज मागवले जातात. त्यात गट नंबर, पीक, क्षेत्र लिहायचं. मागची पाणीपट्टी थकलेली नसावी. मंजुरी झाली की पाळीपत्रक तयार होतं: कोणत्या आउटलेटवर (शेतचारीला पाणी सोडणाऱ्या दारावर), कोणाला, कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. या पद्धतीला शेजपाळी म्हणतात आणि तिचा मूळ नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग एकेक शेत वर सरकत हेडकडे, म्हणजे पाटाच्या सुरुवातीकडे, यायचं. ज्याने हा नियम केला त्याला पाटाचा स्वभाव पुरता कळला होता. हेडच्या माणसाला पाणी दिसत असतं, ते त्याच्यापासून कुठे जात नाही. टेलच्या माणसाचं तसं नसतं.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच पुष्कळ आहे.

कालव्याचं पाणी पिकाला मानवतं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. लागोपाठ त्याच पाण्यावर पिकं काढली की वाफ्यांच्या कडेला पांढरं फुटायला लागतं. कालव्याचं एक भरपूर पाणी बसलं की ते क्षार खाली जातात आणि पुढचा कांदा वेगळाच दिसतो. शिवाय आवर्तन चालू असलं की शिवारातल्या विहिरींना पाझर लागतो. ज्यांनी कधी अर्ज भरला नाही त्यांच्याही मोटारी त्या काळात जास्त वेळ चालतात. पावतीवर न येणारा हा फायदा मोठा आहे.

दुसरं म्हणजे जोर. चारीत एक क्युसेक पाणी असलं तर ते सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर भरतं, म्हणजे तासाला लाखभर लिटर. एका एकरावर आठ सेंटिमीटर पाणी उभं करायला साधारण सव्वातीन लाख लिटर लागतात. चारी नीट असेल, मध्ये फुटली नसेल, तर सव्वातीन तासांत एकर भिजतो. विहिरीवरच्या मोटारीला त्याच एकरासाठी दोन पाळ्यांची वीज लागते, तीही मध्ये गेली नाही तर. आणि पाणीपट्टी म्हणाल तर डिझेलच्या खर्चाशेजारी ती नजरेत भरत नाही. कालव्याचं पाणी महाग आहे अशी तक्रार मी कधी करणार नाही.

माझी तक्रार तारखेची आहे.

गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांच्या दरम्यान पाणी लागतंच. तेव्हा मुकुटमुळं फुटतात आणि पुढचे फुटवे त्यांच्यावर ठरतात. नंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुटव्यांच्या वेळी, साठ-पासष्ट दिवसांनी फुलोऱ्यात, ऐंशी-पंच्याऐंशीला दाणा चिकात असताना. ही कृषी विद्यापीठाची शिफारस आहे आणि रानात रोज जाणाऱ्या बाईला ती न वाचताही कळते. एका रब्बीत आवर्तन जाहीर तारखेला सुटेल असं धरून मी गहू पेरला. आधी कालव्याच्या दुरुस्तीचं काम राहिलं म्हणून तारीख पुढे गेली, मग खालच्या गावची पिण्याची मागणी आली म्हणून वितरिकेचं दार बंद राहिलं, आणि आमच्या चारीला पाणी आलं तेव्हा पीक मुळाची वेळ कधीच ओलांडून गेलं होतं. पाणी आलं ते भरपूर आलं. दारं उघडणाऱ्या पाटकऱ्यांनी हवा तेवढा वेळ दिला, कुणी अडवलं नाही. पण गहू गुडघ्याच्या वर गेला नाही. त्या हंगामाच्या कागदावर आमचं क्षेत्र सिंचित म्हणून लागलं आहे. पाणी दिलं, पाणीपट्टी आकारली, मी ती भरली. त्या नोंदीत खोटं काही नाही, पण गहू का गेला ते त्यात कुठेही सापडणार नाही.

या सेवेत शेतकरी समाधानी आहे का, हे बघायचं असेल तर किती पाणी मिळालं एवढं विचारून चालत नाही. कमी पाणी मिळणार हे ऑक्टोबरात पक्कं कळलं तर मी हरभरा पेरीन. हरभऱ्याला फुलं लागताना एक आणि घाटे भरताना एक एवढ्यावर तो येतो, उलट पाणी जास्त झालं तर उभळतो, पिवळा पडतो. दोनच आवर्तनं मिळतील पण अमुक आठवड्यात मिळतील, असं कुणी खात्रीने सांगितलं तर त्या दोन आवर्तनांत मी घर चालवून दाखवीन. चार मिळतील आणि कधी ते माहीत नाही, तर त्या चारांवर मी काहीही उभं करू शकत नाही. रान गव्हाचं असून बरीच वर्षं मी त्यात हरभरा घेते आहे, त्याचं कारण एवढंच आहे.

आणि या अनिश्चिततेचे पैसे शेतकरी गुपचूप भरत असतो. कुणी बोअर घेतो, ती कोरडी निघते, दुसरी घेतो. कुणी नदीवरून पाइपलाइन आणतो. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद टाकतो. मोटार, केबल, स्टार्टर, रिवाइंडिंग. हेक्टरी पाणीपट्टी किती कमी आहे हे कुणी दाखवलं की मला हा सगळा खर्च त्याच्यासमोर ठेवावासा वाटतो. कालव्याचं पाणी वेळेवर येत असतं तर यातला निम्मा खर्च आमच्या गावात कुणी केला नसता.

आता हेडबद्दल. टेलचे लोक हेडवाल्यांना चोर म्हणून मोकळे होतात. आमच्या वितरिकेवर वरच्या अंगाला डोंगळे पडतात हे खरं आहे. कालव्याच्या भरावावरून पाइप टाकून पाणी ओढून घेतात, रात्री मोटारी लागतात, आउटलेटचं दार वाकवलेलं असतं. खात्याची माणसं अधूनमधून येऊन डोंगळे काढतात, फोटो निघतात, आठवड्याने परत पडतात. पण माझ्या नणंदेचं शेत त्याच वितरिकेच्या हेडला आहे, त्यामुळे मला तिकडची बाजूही ठाऊक आहे. एकदा मी तिला सरळ विचारलं की वन्सं, कांद्याला एवढं पाणी कशाला देता, सडेल की. ती म्हणाली, "वहिनी, पुढचं पाणी येईलच असं मला कोण लिहून देतंय? आलंय तोवर रान भरून घेते." ती लबाड नाही. तिच्याकडेही तीच अडचण आहे जी माझ्याकडे आहे. फक्त तिच्या दारात पाणी आधी येतं. पुढच्या आवर्तनाचा भरवसा नसला की माणूस या आवर्तनात दुप्पट घेतो, त्याच्या दुपटीने खाली तूट पडते, टेल ओरडतं, टेलसाठी आवर्तन लांबवावं लागतं, आणि लांबल्यामुळे पुढची तारीख आणखी पुढे जाते. सगळं याच्यावरच फिरतं आहे. पोलीस बंदोबस्त लावून हे थांबणार नाही. वन्संना तारखेची खात्री द्या, त्या स्वतःहून दार खाली करतील, असं मला मनापासून वाटतं.

रात्रीच्या पाळीबद्दल लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. कालवा रात्री बंद करता येत नाही, हे मला मान्य आहे. पाणी चोवीस तास वाहतं, कुणाला तरी रात्र घ्यावीच लागणार. पण रात्र कुणाला, हे ठरवताना तरी न्याय हवा. पाळीपत्रकात बारा तासांची अदलाबदल ठेवली, या आवर्तनात ज्याला रात्र त्याला पुढच्यात दिवस, तर कुणाचीच तक्रार राहणार नाही. आमच्याकडे पत्रक तसं लिहिलेलं असतं, पण पाणी तासा-तासाने मागे पडत जातं आणि टेलची पाळी बहुतेक वेळा अंधारातच लागते. आमच्या भागात उसाच्या फडांमुळे बिबट्या आहे. बायकांनी रात्री एकटीने दारे धरणं म्हणजे काय, हे कार्यालयात बसून कळत नाही. मी मुलाला सोबत घेते, मोठा टॉर्च घेते, शेजारच्या मळ्यातल्या जाऊबाईंना सांगून जाते. चारी मध्येच फुटली तर फोड बुजवायला चिखलात कंबरेएवढं उतरावं लागतं. ज्या घरांत पुरुषमाणूस नाही अशा दोन बायका आमच्या आउटलेटवर आहेत. त्यांनी पाण्याचा अर्ज भरणंच सोडलं. कागदावर त्यांची मागणी नाही, म्हणजे गरज नाही, असा अर्थ निघतो. तो अर्थ चुकीचा आहे.

अर्जाचीही एक अडचण. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून सही त्यांची लागते. कसते मी, पाणी मागते मी, उभी राहते मी, पण कार्यालयात गेलं की आधी विचारतात, खातेदार कुठे आहेत. आमच्या शाखेतले एक कारकून मात्र समजूतदार होते. त्यांनी संमतीपत्र घेऊन काम चालवलं, आणि पुढच्या वेळी काय काय आणायचं ते कागदावर लिहून दिलं. त्यांची बदली झाली तेव्हा मला वाईट वाटलं.

माणसांबद्दल माझं मत चांगलं आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. जुने पाटकरी काका निवृत्त झाले त्यानंतर त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता जो आहे त्याच्याकडे आणखी वितरिका आहेत, मोटारसायकलवर दिवसभर इकडून तिकडे फिरत असतो. एका दाराची चाकी फिरवून दुसऱ्या दारापाशी जाईपर्यंत पहिलं कुणीतरी उघडलेलं असतं. त्याला शिव्या घालून काय मिळणार? कालवा निरीक्षक, मोजणीदार, पाटकरी ही सगळी साखळी माणसांवर चालते आणि माणसंच भरली नाहीत तर शेजपाळी नुसती पत्रकावर राहते. पूर्वी पाटकरी काका आदल्या दिवशी बांधावर येऊन सांगायचे, "बाई, उद्या सकाळी तुमचं दार उघडतोय, चारी साफ करून ठेवा." एवढं वाक्य पुरायचं. आता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'पाणी सोडण्यात आले आहे' असा निरोप येतो. कुठे सोडलं, आमच्यापर्यंत कधी येणार, ते त्यात नसतं.

कालव्याची अवस्था मी फार लांबवत नाही. अस्तर उखडलेलं, भरावावर झुडपं, चारीत गाळ आणि गवत. वरून जेवढं सुटतं आणि खाली जेवढं पोचतं यात यामुळेच मोठं अंतर पडतं. आमची शेतचारी आम्ही वर्गणी काढून साफ करतो, ते आमचं कामच आहे. वितरिका साफ करणं आमच्या हातात नाही.

बिलाकडे येते. एकट्या शेतकऱ्याला पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र यांवरून लागते, पाण्याच्या मापावरून नाही. हेडच्या एकराला भरपूर पाणी बसलं आणि टेलच्या एकराची नुसती तहान भागली, तरी दर तोच. घेणाऱ्याला काटकसर करण्याचं कारण नाही आणि देणाऱ्याला मोजण्याचं कारण नाही. यावर उपाय कायद्यात आहे. २००५ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं आणि दुसऱ्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट केली. संस्थेला पाण्याचा हक्क घनमीटरमध्ये ठरवून द्यायचा, मोजून द्यायचा, तेवढ्याचीच पट्टी घ्यायची, आणि त्या पाण्यात कोणतं पीक घ्यायचं ते सभासदांनी ठरवायचं. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल तिन्ही भागांना जागा, बायकांनाही जागा. कायदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा टेलच्या माणसानेच लिहिला असावा.

आमच्याकडेही संस्था झाली. नोंदणी झाली, फलक लागला, मीही एक वर्ष बैठकांना गेले. पण लघुवितरिकेच्या तोंडाशी पाणी मोजायचा जो फ्ल्यूम बसवला होता त्याची पट्टी तुटली, खाली गाळ भरला, आणि तेव्हापासून किती पाणी आत आलं ते कुणालाच सांगता येत नाही. माप नाही तर हक्क कशाचा मागायचा? दुरुस्त करून मगच हस्तांतर करायचं असं ठरलेलं असताना तशीच मोडकी वितरिका संस्थेच्या गळ्यात आली. मग सभासद वर्गणी देईनात, सचिव बैठका बोलवेना. संस्था आजही आहे, पण पाणी तिच्या हातात नाही.

हे होऊच शकत नाही असं मला कुणी सांगू नये, कारण मी वाघाड पाहून आले आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर हे धरण आहे. तिथेही टेलचीच गोष्ट होती. उजव्या कालव्याच्या शेवटाला ओझर, आणि ओझरला पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. म्हणजे कायदा यायच्या कितीतरी आधी, आणि सुरुवात टेलपासून. पुढे हेडचे लोकही आले, एकेक करत सगळ्या कालव्यावर संस्था झाल्या आणि प्रकल्पाचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे गेलं.

तिथे मला सगळ्यात जास्त आवडलं ते वहीत लिहिलेलं माप. दार किती वाजता उघडलं, पट्टीवर किती सेंटिमीटर होतं, किती वाजता बंद झालं, कुणाला किती तास गेले. शेतकरी येऊन वही उघडून बघू शकतो. ओझरच्या संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून कालव्याचं पाणी जमिनीत मुरवलं आणि विहिरीचं पाणीसुद्धा आपल्या हिशेबात धरलं. तिकडे द्राक्षबागा उभ्या आहेत. द्राक्षासारखं पीक माणूस भरवसा असल्याशिवाय लावत नाही. बाग म्हणजे वर्षानुवर्षांचा शब्द. समाधानाचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. अडचणी तिथेही असतील, भांडणंही होत असतील. पण भांडायला समोर वही आहे.

त्याच्याही मागे गेलं तर धुळे-नाशकाकडे पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यावरून पाट, लाभक्षेत्राचे तीन-चार फड, आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाटकरी, जागले, हवालदार गावाने नेमलेले, त्यांचा मोबदलाही गावाने द्यायचा. पाणी कमी असलं तर सगळ्या फडात मिळून कमी पेरायचं. शेकडो वर्षं हे चाललं. आज जसंच्या तसं आणता येणार नाही हे कळतं मला. पण पेरणीच्या आधी पाणी किती ते सगळ्यांनी मिळून मान्य करायचं आणि मग बी टाकायचं, ही त्यातली रीत आजच्या कुठल्याही कालव्यावर चालेल.

वितरिकेवर जे दिसतं तेच मोठ्या नकाशावरही दिसतं. गोदावरीत वर नाशिक-नगर आणि खाली जायकवाडी. समन्यायी वाटपासाठी प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्यावर दरवेळी वाद होतो, कोर्टात जातात. पण मला त्या आदेशातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: तारीख आणि आकडा आधीच लिहिलेला आहे. वरच्यालाही माहीत, खालच्यालाही माहीत. धरणाधरणांत जे करता आलं ते माझ्या वितरिकेवर करायला काय हरकत आहे?

हल्ली कालव्याऐवजी बंद नलिकेतून पाणी द्यायचं धोरण आहे. ज्या गावांत ते झालं तिथले पाहुणे सांगतात की गळती कमी झाली, भूसंपादन वाचलं, डोंगळे टाकता येत नाहीत. मला ते हवंच आहे. पण पाइपातूनही पाणी तारखेलाच आलं पाहिजे. नाहीतर उघड्या चारीत निदान पाणी येतंय की नाही ते दिसत तरी होतं.

एकदा एक तरुण मुलगी पाहणीसाठी आली होती. हातात टॅब, त्यात प्रश्न. कालव्याचं पाणी मिळतं का? हो किंवा नाही. समाधानी आहात का? पूर्ण, काही अंशी, नाही. मी 'काही अंशी' सांगितलं आणि ती पुढच्या घरी गेली. तिचा दोष नाही, तिला तेवढंच विचारायला सांगितलं होतं. मला विचारायला हवं होतं ते असं: पेरणीच्या आधी तारीख कळली का? ती पाळली का? चुकली तर किती दिवसांनी, आणि कुणी येऊन सांगितलं का? रात्री किती पाळ्या आल्या? पाण्याच्या भीतीने कोणतं पीक सोडलं? आणि हे सगळं हेड, मध्य, टेल असं वेगवेगळं लिहायला हवं होतं. सगळ्यांची सरासरी काढली की हेडचं 'पूर्ण' आणि टेलचं 'नाही' मिळून सगळी वितरिका 'काही अंशी' होते, आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

गुण द्यायचे तर पाण्याला पाचपैकी साडेचार, दराला पाच, माणसांना चार, वेळेला एक. एकूण दोन, कारण वेळ चुकली की बाकीच्या गुणांचं पीक येत नाही. पेरणीच्या आधी आवर्तनांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या, वितरिकेच्या तोंडाशी मोजपट्टी दुरुस्त झाली आणि रोजचं माप तिथेच खडूने लिहिलं गेलं, तर मी स्वतः येऊन हे गुण बदलीन. यातल्या कशालाही नवं धरण लागत नाही.

लाभक्षेत्रात नव्याने जमीन घेणाऱ्यांना, किंवा वाटणीत टेलचं रान आलेल्यांना माझं सांगणं: घ्यायच्या आधी उन्हाळ्याच्या आवर्तनात त्या चारीवर जाऊन उभे राहा, हिवाळ्यातलं पाणी पाहून ठरवू नका. नमुना ७ मुदतीत भरा, पाणी येणार नाही असं वाटलं तरी भरा, आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या, तिचीही पोच घ्या. फोनवर सांगितलेलं कुठे राहत नाही. शेजारच्या ज्या बायकांनी अर्ज भरणं सोडलं आहे त्यांचेही भरून द्या. यंदा त्या दोघींचे अर्ज मी माझ्याबरोबर नेले होते, पोच त्यांच्या हातात दिली आहे.